इनटेक किट घेण्याआधी पाण्याची नळी लावा

कंपनीचा फिल्टर बॉक्स तुमच्या इंजिनाची हवा किती अडवतो, हे शे-दोनशे रुपयांत मोजता येतं. ते मोजल्याशिवाय इनटेक किटला, म्हणजे कंपनीच्या बॉक्सऐवजी लावायच्या फिल्टर-पाइपच्या संचाला, हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी ५ मीटर घ्या. तिच्यात घट्ट बसेल असा छोटा कनेक्टर ठिबक सिंचनाच्या दुकानात मिळतो. फिल्टर बॉक्सच्या झाकणात, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला, भोक पाडून कनेक्टर बसवा आणि नळी केबिनमध्ये आणा. दुसरं टोक एका फळीवर यू आकारात बांधा. दोन्ही बाजू ७०-८० सेंमी उंच ठेवा आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. यापेक्षा जास्त भरलं तर पाणी इंजिनाकडे ओढलं जाऊ शकतं. खात्री नसेल तर मध्ये एक रिकामी बाटली जोडा. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन रेडलाइनच्या जवळ जा. काचा आणि एसीचा पंखा बंद हवा. मागे बसलेल्याने मोबाइलवर नळीचा व्हिडिओ काढायचा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे हवा ओढताना झालेली दाबाची घट.

हाच प्रयोग फिल्टरच्या आधीच्या बाजूला भोक पाडून परत करा. हा दुसरा आकडा म्हणजे स्नॉर्कलची, म्हणजे बॉक्सकडे हवा आणणाऱ्या नळीची अडवणूक. पहिल्या आकड्यातून तो वजा केला की उरते ती फिल्टरची. झाल्यावर दोन्ही भोकं एम-सीलने बुजवा.

आता हिशोब. वातावरणाचा दाब साधारण १०३३ सेंमी पाण्याइतका असतो, म्हणून १० सेंमी घट म्हणजे जेमतेम १ टक्का. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात ताकदही ढोबळमानाने तेवढीच हलते. ८५ बीएचपीच्या गाडीत नळी २० सेंमी दाखवत असेल, तर ती अडवणूक पूर्ण शून्यावर आणली तरी मिळकत पावणेदोन बीएचपीच्या आत-बाहेर. शून्यावर तर कुठलंच किट आणत नाही. मुंबईहून घाट चढून पुण्यात आलं की हवेचा दाब ६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. तो फरक किती जणांना सीटवर बसून जाणवतो?

म्हणून आकडा लहान आला तर नवा कागदी फिल्टर टाका आणि पैसे टायरसाठी ठेवा. मोठा आला आणि दोष फिल्टरचा निघाला, तर त्याच बॉक्समध्ये बसणारा ड्रॉप-इन फिल्टर पुरे. दोष स्नॉर्कलचा असेल तरच पुढच्या पाइपिंगचा विचार करावा.

बॉक्सशिवाय बोनेटखाली बसणाऱ्या उघड्या, शंकूच्या आकाराच्या कोन फिल्टरची खरी अडचण उष्णतेची. शोषलेली हवा ४० अंशांऐवजी ६० अंशांची झाली तर तिची घनता ६ टक्के घटते. शिवाय गरम हवा दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो. वर काढलेला टक्का-दीड टक्का त्यात कधीच वाहून जातो. वेग घेतल्यावर तापमान उतरतं, हे खरं; पण सिग्नलवरून सुटताना, जिथे ताकद हवी असते, तिथे बोनेटखालची भट्टीच आत जाते. कोन घ्यायचाच असेल तर बंद खोका असलेला, बोनेटला रबराने चिकटणारा आणि ग्रिलमागून हवा घेणारा घ्या. नुसता पत्र्याचा आडोसा पुरत नाही. ईएलएम ३२७ डोंगल (ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आधी आणि नंतर पाहा: ६० च्या स्थिर वेगात ते बाहेरच्या तापमानाच्या १०-१५ अंशांत राहिलं तर ठीक. टर्बो गाडीत मात्र हा सेन्सर बऱ्याचदा इंटरकूलरनंतर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर, असतो, तेव्हा तो आकडा जपून वाचा.

फिल्टर बॉक्सनंतरच्या पाइपवर वायर जोडलेला सेन्सर दिसला, तर तो बहुधा एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर. मग पाइपचा व्यास पवित्र. ६० मिमीच्या जागी ६६ मिमीचा पाइप लावला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं, तेवढ्याच हवेचा वेग घटतो आणि सेन्सर सुमारे १७ टक्के कमी हवा सांगतो. पेट्रोल कमी पडतं, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये टक्क्यांनी करतो ती दुरुस्ती) वर चढतं, आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, या कोडसह चेक इंजिनचा दिवा लागतो. सेन्सरआधी पाइप सरळ हवा. कोपराला लागून बसवला की रीडिंग नाचतं. सेन्सरनंतरचा ब्रीदर होज (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये आणणारी नळी) तसाच मोकळा सोडणं ही गॅरेजांची आवडती चूक: तिथून न मोजलेली हवा आत जाते. फिटिंगनंतर लाँग टर्म ट्रिम आधीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तर आधी गळती शोधा.

तेल लावलेल्या कापडी फिल्टरमध्ये तेल जास्त झालं की ते एमएएफच्या तारेवर जाऊन बसतं. अशा गाडीत मी कोरडा सिंथेटिक फिल्टरच सुचवेन. कापडीच असेल तर आतून बाहेर धुवा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक घडीत तेलाचा एकच हात. कंप्रेसरची हवा मारलीत तर कापड फाटतं. आणि मातीच्या रस्त्यांवर, ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या धुळीमागे रोज गाडी चालणार असेल, तर चांगला कागदी फिल्टर हाच शहाणपणा. बारीक धूळ अडवण्यात कापडी सहसा मागे पडतो.

मायलेज वाढेल असं दुकानदार म्हणेल. पेट्रोल गाडी रोजच्या चालीत थ्रॉटलची झडप अर्धवट मिटून चालते. हवा तीच अडवते. फिल्टर मोकळा केला तर पाय तेवढाच मागे येतो, बाकी काही नाही. टर्बोत ईसीयू ठरलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, राखतो, त्यामुळे रीमॅपशिवाय, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलल्याशिवाय, आकडा फारसा हलत नाही. उलट टर्बोआधीचा मऊ सिलिकॉन कोपरा शोषणाने चेपतो. तो जाड आणि आतून तारेचा असावा. आवाजासाठी इनटेक घेत असाल तर तसं खुशाल म्हणा, कारण अगदी वाजवी आहे.

बंपरमागे खाली लोंबणारा कोल्ड एअर पाइप जून ते सप्टेंबर आपल्याकडे नकोच. साचलेल्या पाण्यातून जाताना फिल्टर बुडला की पाणी सिलिंडरमध्ये जातं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायला हवं. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो, म्हणून पॉलिसी आधी वाचा. कंपनीचा बॉक्स भंगारात देऊ नका. वॉरंटीच्या कामालाही तोच लागतो.

बसवल्यावर १००० किमीने पाइप उघडा, फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या भागात पांढरं फडकं फिरवा. तेलाचा हलका डाग चालेल. हाताला चरचरणारी माती लागली तर क्लिप आणि फिल्टरची रबरी कड तपासा, आणि ते जुळेपर्यंत जुना बॉक्स परत लावा.