पाठमोरी खुर्ची

"ती खुर्ची पाठमोरी ठेवलीत, तेव्हाच मला कळलं, घरातलं कुणीतरी गेलंय," असे आज आमच्या नाट्यवर्गात मुलीला न्यायला आलेल्या एक मावशी सहज म्हणाल्या आणि नेपथ्यावर चाललेली आमची चर्चा थांबली.

रंगमंचावर त्या खुर्चीखेरीज काहीच नव्हते. भिंत, खिडकी, हार घातलेला फोटो यांपैकी काय काय दाखवावे यावर आम्ही वाद घालत होतो. यंत्रमाग कारखान्यातून थेट आलेल्या मावशींनी मात्र ते सारे घर मनातल्या मनात उभे केले होते.

प्रेक्षकाला सगळे समजावून द्यावे लागते, हे मला आता पटत नाही. तमाशातला नट एक फेरी मारतो आणि गाव बदलते. कुणीही शंका घेत नाही. १९७२ मध्ये जब्बार पटेलांनी 'घाशीराम कोतवाल' बसवले, त्यात ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांचाच पडदा होता, आणि प्रेक्षकांनी तो पडदा म्हणूनच स्वीकारला.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात पाहिलेल्या एखाद्या नाटकातली कोणती वस्तू तुम्हाला संवादांपेक्षा अधिक सांगून गेली?