म्युझियमची वर्गणी

7 डिसेंबर 2008, रविवार. स्कोकी, शिकागोजवळ.

संध्याकाळी सिनेगॉगच्या हॉलमध्ये नव्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) म्युझियमच्या निधीसाठी जेवण होतं. शेजारच्या आजींनी तिकिटं कधीच गळ्यात मारली होती. शेअर बाजार झोपलेला, ह्याच्या ऑफिसात कपातीची कुजबुज, तरी गेलो. मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यानंतर घरी बसवतच नव्हतं.

झालं उलटंच. आम्ही धीर द्यायला गेलो, तर जो तो आमच्याकडेच येऊन मुंबईची चौकशी करत होता. घरचे सुखरूप आहेत ना? त्या हल्ल्यातून छोट्या मोशेला घेऊन बाहेर पडलेल्या त्याच्या आयाचं, सँड्रा सॅम्युएलचं नाव तर सगळ्यांना पाठ. मी मात्र कुलाब्यात इतकी भटकलेली, पण नरिमन हाउस कुठल्या गल्लीत ते टीव्हीवर कळलं.

पावत्या लिहायला ऐंशी उलटलेले एक आजोबा बसले होते. जाड भिंगांचा चष्मा. प्रत्येकाला स्पेलिंग विचारायचं, टपोऱ्या अक्षरांत लिहायचं, मग पान उचलून कार्बन खाली उमटलाय का ते बघायचं. रांग खोळंबली तरी घाई नाही. असा माणूस आमच्या गणपती मंडळाला मिळाला असता तर हिशेबावरून दरवर्षी भांडणं झाली नसती.

जेवताना आजी जुनं सांगत होत्या. छळछावण्यांतून वाचलेली हजारो माणसं या गावात येऊन राहिली, पण पुष्कळांनी पोटच्या पोरांनाही काही सांगितलं नव्हतं. 1977 साली फ्रँक कॉलिनच्या नाझी टोळक्याने मुद्दाम इथूनच मोर्चा काढायचं ठरवलं. एसीएलयू ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था त्यांच्या भाषणस्वातंत्र्यासाठी कोर्टात उभी राहिली, वकील डेव्हिड गोल्डबर्गर स्वतः ज्यू. कोर्टात ते जिंकले, मोर्चा मात्र स्कोकीत आलाच नाही. (मला तो निकाल पटतो, पचत नाही.) पण गप्प बसलेली माणसं त्यानंतर बोलायला लागली. 1981 मध्ये संस्था काढली, पुढे मेन स्ट्रीटवरच्या दुकानाच्या गाळ्यात छोटंसं म्युझियम थाटलं. 1990 साली इलिनॉयने शाळांत होलोकॉस्ट शिकवणं सक्तीचं केलं, अमेरिकेत सगळ्यांत आधी. आता बोलणारे थकले, म्हणून ही इमारत. स्टॅनली टायगरमनने आराखडा असा केलाय की शिरायचं अंधाऱ्या भागातून आणि बाहेर पडायचं उजेडाच्या. मध्ये त्या काळातला जर्मन रेल्वेचा डबा. एप्रिलमध्ये उघडणार.

आजोबांनी माझं आडनाव लिहिता लिहिता विचारलं, ‘‘तुमच्याकडे शाळेत हे शिकवतात?’’

‘‘दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात दोन-चार ओळी,’’ मी म्हटलं.

बाकीचं काय सांगणार? कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना, आमच्या शनिवार तेल्यांना, कधी कुणी छळलं नाही हे आम्ही अभिमानाने सांगतो, सांगावंच. आणि त्याच मुंबईत फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र ढिगाने विकलं जातं. ‘देशाला एखादा हिटलरच पाहिजे’ हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या काकांच्या तोंडून, पोहे खाता खाता ऐकलेलं आहे. कुणी त्यांना टोकलं नाही. ज्यूंवर राग होता म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी हिटलर म्हणजे वेळेवर धावणाऱ्या गाड्या. त्या गाड्यांतून काय नेलं, हे कुणी त्यांना दाखवलंच नव्हतं.

घरून पन्नास डॉलर ठरवून निघालो होतो, मी दोनशेचा चेक लिहिला. ह्याने डोळे वटारले, मग टॅक्सच्या वजावटीसाठी पावती नीट घडी करून पाकिटात ठेवली.

शाळांच्या सहलींना माहिती सांगायला स्वयंसेवक हवे आहेत. फॉर्म आणलाय. प्रशिक्षण शनिवारी असेल तर मुलांना ह्यालाच सांभाळावं लागेल, ते अजून सांगितलेलं नाही.