सैल स्टिअरिंगचा माग

जुन्या पिकअप ट्रकचे स्टिअरिंग सैल झाले की पहिला संशय स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीवर घेतला जातो, आणि त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या गाडीबाबतही तसेच घडले होते. पुढे अखंड अ‍ॅक्सल, त्याला पाटे आणि चासीच्या पट्टीला बोल्टने आवळलेला बॉक्स, अशी तिची जुन्या पद्धतीची रचना होती. सरळ रस्त्यावर गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते आणि चाके हलण्याआधी स्टिअरिंग चार बोटे नुसतेच फिरते, ही मालकांची तक्रार. आधीच्या मेकॅनिकने बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून दिला होता. त्याने प्ले, म्हणजे ही नुसती फिरण्याची ढिलाई, तर गेला नाहीच, वर वळण घेतल्यानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येईनासे झाले.

मला महत्त्वाचे वाटले ते हे दुसरे लक्षण. या बॉक्समधले दाते मध्यावर सर्वांत घट्ट बसतील असेच घडवलेले असतात, त्यामुळे स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला की ते नेमके तिथेच अडकतात आणि चालकाला सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरत राहावी लागते. म्हणजे एक दोष गाडीचा होता आणि दुसरा दुरुस्तीतून आलेला.

टायरमधली हवा बरोबर असल्याची खात्री करून मी चाके जमिनीवरच ठेवली, कारण जॅकवर उचललेल्या चाकांचा विरोध कमी होतो आणि सांध्यांतली ढिलाई लपून राहते. चाकांना अडण लावून, हँडब्रेक ओढून मदतनिसाला इंजिन चालू ठेवायला आणि स्टिअरिंग थोडे थोडे दोन्हीकडे हलवायला सांगितले, आणि खाली आडवा होऊन एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. (ढिलाई डोळ्यांआधी बोटांना कळते.) स्टिअरिंगच्या शाफ्टचा क्रॉस (सांधा) ठीक होता, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही एंड ठीक होते, बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकच्या ड्रॉप आर्मकडच्या (बॉक्सच्या दांड्याकडच्या) एंडमध्ये थोडा खेळ होता, पण एवढ्याने चार बोटांचा हिशेब लागत नव्हता. मग एक बोट अर्धे बॉक्सवर आणि अर्धे चासीवर टेकवले, तेव्हा स्टिअरिंगच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर अख्खा बॉक्स चासीपासून सरकत असल्याचे जाणवले. डिझेलने चिखल आणि ग्रीस धुतल्यावर बोल्टच्या भोकांभोवती चासीला गेलेले तडे दिसले. चाके वळवण्यासाठी लावलेला जोर लोखंड वाकवण्यातच खर्च होत होता.

बोल्ट आवळून तात्पुरते चालवून द्यावे, असे मालकांनी सुचवले. तडा गेलेल्या पत्र्यावर बोल्ट कितीही आवळला तरी तो पकड देत नाही, आणि हा भाग तुटला तर गाडी कोणाच्याच ताब्यात राहत नाही, असे सांगून मी ते नाकारले. बॉक्स उतरवला, बॅटरीच्या तारा सोडल्या, तडे पुढे सरकू नयेत म्हणून प्रत्येक तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले, खाच घासून वेल्डिंग केले आणि वरून जाड पट्टी जोडली. बोल्ट आवळताना पोकळ चासी चेपू नये म्हणून भोकांत नळीचे तुकडे बसवले. या कामातच दिवसाचा बराचसा भाग गेला.

बॉक्स परत चढवल्यावर ड्रॅग लिंक सोडून ठेवली, अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आधी सैल केला, मग मध्यावर जेमतेम विरोध जाणवेल इतपतच घेतला. ड्रॅग लिंकचा एंड नवा टाकला. त्याच्या नटाची खाच कॉटर पिनच्या (नट फिरू नये म्हणून घालायच्या खिळीच्या) भोकासमोर येईना, तेव्हा नट मागे न फिरवता आणखी थोडा आवळून ती जुळवली. शेवटी चाक उचलून वर-खाली हलवले असता खडखड आली, पण ब्रेक दाबल्यावर ती थांबली, म्हणजे चाक जिच्याभोवती वळते ती किंगपिन शाबूत होती आणि ढिलाई फक्त बेअरिंगची होती. ती ढिलाई काढून मग अलाइनमेंट केले, कारण चाके पुढून किंचित फाकलेली निघाली. ती जराशी आत घेतली.

रस्त्यावर गाडी सरळ चालली आणि वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर आले. एक बोटभर प्ले उरला होता. तोही काढून द्या, असा मालकांचा आग्रह होता. मी स्क्रूला हात लावला नाही, मात्र काही दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा तपासून घ्यायला यावे, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेतले.