समोरून कोणी येत नाही

९ जुलै, बुधवार

आज सकाळी आमच्या घरासमोर मुंबई-गोवा हायवेवरचा मिडलकट बंद झाला. एक टेम्पो आला, चार माणसं उतरली, सिमेंटचे तीन ठोकळे डिव्हायडरच्या त्या फटीत बसवले आणि चहा न पिताच गेली. मी दात घासत पडवीत उभी राहून बघत होते. अर्धा तासही लागला नाही.

काकीचं घर रस्त्यापलीकडे. तिची चूल पेटलेली मला पडवीतून दिसते, दूध तापलं की ती हाक मारते तीही ऐकू येते. रस्ता दोन पदरी होता तेव्हा किटली घेऊन चपला न घालता जायचो. चौपदरी झाल्यावर मिडलकट होता, तिथून बघून-बघून ओलांडायचो. आता चालत जायचं तर ठोकळ्यांवरून उडी, आणि गाडीने जायचं तर हिशेब असा: आमचं घर ज्या बाजूला आहे तिथली लेन मुंबईकडे जाते. म्हणजे मला कुडाळला जायचं असेल तर आधी मुंबईच्या दिशेने निघायचं, पावणेदोन किलोमीटर वर जाऊन यू-टर्न मारायचा, तेवढंच अंतर परत यायचं, आणि मग काकीच्या अंगणासमोरून, म्हणजे माझ्याच घरासमोरून, कुडाळचा प्रवास सुरू. स्वतःच्या घराला रोज सकाळी एकदा पाठ आणि एकदा तोंड दाखवायचं.

रोजचे साडेतीन किलोमीटर जास्त. कुडाळच्या पतपेढीतल्या नोकरीचे महिन्यातले पंचवीस दिवस धरले तर सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. माझी स्कूटर पंचेचाळीस देते, म्हणजे दोन लिटर पेट्रोल, दोनशे रुपये. तीन वर्षांपूर्वी ओसरगावच्या टोलनाक्यावरून केवढा गदारोळ झाला होता, एमएच ०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, गाड्यांना पूर्ण माफी हवी म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. मागणी बरोबरच होती. पण या दोनशे रुपयांना टोल म्हणायचं कुणाला सुचत नाही, कारण त्याची पावती मिळत नाही.

संध्याकाळी काकी ठोकळ्याला टेकून उभी होती, एका हातात किटली. म्हणाली, "आता शेजाऱ्याकडे येवक पण गुगलाक इचारूचा लागता गो."

१४ जुलै, सोमवार

दिवसभर पाऊस. पणदूर तिठ्याच्या अलीकडे रात्री सात-आठ गुरं रस्त्यात बसलेली. पावसात रानात चिखल आणि माश्या, काँक्रीट मात्र कोरडं होतं लवकर, त्यांचं काय चुकलं? काळी म्हैस तर समोरच्या हेडलाईटमध्ये दिसतच नाही, दिसतात ते दोन डोळे, तेही तिने मान वळवली तर. जुन्या रस्त्यावर ताशी चाळीसने येताना म्हैस दिसायची आणि थांबताही यायचं. आता ऐंशीला असताना दिसते.

२७ जुलै, रविवार

आज बाबांना घेऊन ओरोसला गेले, तपासणीसाठी. रिक्षा सांगणार होते, पण त्यांनी हट्ट धरला की तूच गाडी काढ. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून त्यांना चालवायला बंदी आहे. ज्याने बावीस हंगाम हापूसच्या पेट्या भरलेला टेम्पो वाशी मार्केटला नेला त्याला शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसायला लागणं म्हणजे काय, हे मी त्यांच्या उजव्या पायाकडे बघून ओळखते. तो पाय अजून ब्रेक दाबतो.

मला गाडी त्यांनीच शिकवली, याच रस्त्यावर, तेव्हा तो सतरा नंबरचा हायवे होता. पुढे २०१० मध्ये नंबर बदलून सहासष्ट झाला, पण आमच्यात तो फक्त 'हायवे'. त्यांच्या शिकवण्यात गिअर-क्लच एका दुपारी उरकलं. बाकी सहा महिने ते एकच गोष्ट शिकवत होते, समोरून येणारा. तो कोण आहे, भरलेला आहे की रिकामा, दमलेला आहे की घाईत. चिऱ्यांचा डंपर चढावर असेल तर "तेका आधी जावंदे", कारण तो थांबला तर परत उचलायला त्याला त्रास. वळणावर हॉर्न, रात्री डिपर, अरुंद मोरीवर ज्याने आधी दिवा मारला त्याचा मान. मोठी गाडी आली की आपलं एक चाक साईडपट्टीवर उतरवायचं. आणि कुणी आपल्यासाठी थांबलं तर स्टेअरिंगवरून चार बोटं वर करायची. पुरता हात नाही, चार बोटं. सगळे ड्रायव्हर तसंच करायचे. बाबांना अर्धा जिल्हा या चार बोटांवरून ओळखत असावा असं मला लहानपणी वाटायचं.

आज जाताना ते गप्प होते. काँक्रीटच्या सांध्यांवरून चाकांचा टक-टक असा एकसारखा आवाज, बाजूने गोव्याच्या, कोल्हापूरच्या, कर्नाटकच्या गाड्या सूं करून पुढे. मी विचारलं, झोप आली का? तर म्हणाले, "समोरसून कोण येणाच नाय. हात कोणाक करू?"

मी हसले. मग ओरोसपर्यंत मलाही दुसरं काही सुचेना. खरंच आहे, मी आता समोर बघतच नाही. बघते ते आरशात, मागून कोण येतोय ते. पूर्वी मान पुढे असायची, आता डोळे मागे.

पण इथे एक लिहून ठेवायला हवं, नाहीतर उगाच जुन्या रस्त्याच्या आठवणींनी गळा काढल्यासारखं होईल. झटका आला त्या रात्री बाबांना बांबोळीला नेलं ते याच रस्त्याने. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठं काही झालं की गोवा मेडिकल कॉलेज, हे आमच्याकडे ठरलेलं. रुग्णवाहिका झारापला कधी आली आणि बांदा कधी मागे पडलं मला कळलं नाही. जुन्या रस्त्यावर, सावंतवाडीच्या गर्दीतून, आकेरीच्या वळणांतून त्यांना नेताना काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. ते आज माझ्या शेजारी बसून रस्त्याला नावं ठेवतायत ते रस्त्याच्याच कृपेने, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक आहे.

येताना त्यांनी मला जुन्या रस्त्यावर गाडी घ्यायला लावली. नवा रस्ता सरळ करताना जुनी वळणं तशीच बाजूला पडून राहिली आहेत, कुठे दोनशे मीटर, कुठे पाचशे. वळण घेऊन पुन्हा हायवेला मिळतात किंवा झाडीत संपतात. डांबर अजून शाबूत आहे, मधली पांढरी रेघसुद्धा दिसते. एका तुकड्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, पाऊस नसेल तेव्हा तिथे काजू, कोकम सगळं वाळत घालतात. बाबा म्हणाले, इथे डावीकडे वड होता. मी म्हटलं, उजवीकडे. वाद झाला. वड तोडल्यावर त्याची बाजूही राहत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आजच्याच रात्री, २०१६ मध्ये, महाडजवळ याच हायवेवर सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल वाहून गेला. दोन एसट्या गेल्या, माणसं गेली. आज बाबा जेवताना बोलले नाहीत. तो पूल त्यांनी भरल्या टेम्पोने किती वेळा ओलांडला असेल. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरूसुद्धा झाला, एवढ्या झटपट आपल्याकडे काही होत नाही. त्या रात्रीनंतर घरात कुणी 'जुना रस्ता बरा होता' म्हटलं की बाबाच म्हणतात, सगळा नव्हता.

११ ऑगस्ट, सोमवार

हे लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीत लपवाछपवी करायची तर ती लिहायची कशाला?

सकाळी उशीर झाला होता. पतपेढीत साडेनऊला तिजोरी उघडताना दोघांच्या किल्ल्या लागतात, त्यातली एक माझ्याकडे. घरातून बाहेर पडले आणि डावीकडे, वरच्या यू-टर्नकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळले. खालच्या बाजूचा कट फक्त चारशे मीटरवर आहे. कडेकडेने, उलट्या दिशेने, हळूहळू. सगळेच जातात. दूधवाला जातो, शाळेच्या पोरांना डबल सीट घेऊन त्यांचे बाप जातात, पोलीस पाटलांनाही मी बघितलंय. आमच्या भागात त्याला 'रॉंग साईड' असं कुणी म्हणत नाही, 'कडेन जाणं' म्हणतात.

पाऊस बुरबुरत होता. अर्ध्यावर गेले आणि समोरून एक पांढरी गाडी, ट्रकला डावीकडून ओव्हरटेक करत, थेट माझ्या कडेत. मी स्कूटर गटाराकडे ढकलली. खरचटलं फक्त, कोपराला, आणि डब्यातली भाजी सांडली. गाडी थांबली नाही. त्याचीही चूक होती, डावीकडून कोण काढतं गाडी? पण त्याला काय कल्पना, की समोरून कुणी येईल. या रस्त्यावर समोरून कुणी येत नाही, हे गृहीत धरूनच तो चालवत होता. तसंच धरायचं असतं, त्यासाठीच मधे डिव्हायडर आहे.

दिवसभर पावत्या लिहिताना तेच डोक्यात. बाबांचा समोरून येणारा माणूस गेला म्हणून मी पंधरा दिवसांपूर्वी हळहळले, आणि आता या रस्त्यावर समोरून येणारं कुणी उरलंय तर ते आम्हीच, इथले, घराजवळचे, साडेतीन किलोमीटर वाचवणारे. पूर्वी समोरच्याची सगळ्यात जास्त काळजी आम्ही घ्यायचो.

जवळ बॉक्सवेल हवा अशी मागणी वाडीने लेखी दिली आहे, दोनदा. गाडी रस्त्याखालून जाईल एवढं भोक, बस. रस्ता आखताना वरून जाणाऱ्यांचा वेग धरला होता, खालून जाणाऱ्यांची किटली धरली नव्हती. कणकवलीला उड्डाणपूल झाला तेव्हाही तेच. वरून गाड्या गावाला न विचारता जातात, आणि खाली उभा असलेला माणूस रात्री मुंबईच्या बसवाल्याला फोनवर विचारत असतो, वरून जाणार की खालून?

घरी बाबांनी कोपर बघितलं. विचारलं नाही काही. हळद आणून दिली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आठ दिवस झाले, वरच्या यू-टर्ननेच जाते. पाच मिनिटं आधी निघायचं, एवढंच. तरीही पंधरा-सतरा मिनिटांत कुडाळ. जुन्या रस्त्याने पंचवीस लागायची, पुढे एसटी असेल तर तीस. म्हणजे वळसा घालूनही मी फायद्यातच आहे, आणि तरी रोज सकाळी उजवीकडे मान वळते. माणूस वाचलेला वेळ मोजत नाही, वळसाच मोजतो.

यू-टर्नच्या तिथे पूर्वी मे महिन्यात पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसणाऱ्या दोघीतिघी असायच्या. यंदा एकही नव्हती. शंभरने येणाऱ्याला करवंदं दिसेपर्यंत तो दुसऱ्या गावात पोचलेला असतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरताळका

दादा-वहिनी पहाटे आले. कोकणात येणारा चाकरमानी वाटेतल्या हालांचं वर्णन केल्याशिवाय चहा घेत नाही. रायगडात खड्डे, माणगावला दोन तास, संगमेश्वरला डायव्हर्जनवर डायव्हर्जन. "आणि मग खारेपाटण आलं," दादा म्हणाला, "नि गाडी तरंगायलाच लागली." खारेपाटणपासूनचं आमच्या जिल्ह्याचं काम आधी पुरं झालं त्याचा आम्हाला चतुर्थीत तेवढा अभिमान वाटतो. तो मुंबईकडून आला म्हणजे काकीच्या बाजूने. खालचा कट गाठून वळून यायचं सोडून त्याने तिथेच कडेला गाडी लावली, आणि बॅगा, आंब्याच्या डहाळ्या बांधायला आणलेली नवी दोरी, पोरगी, सगळं ठोकळ्यांवरून अलीकडे आलं.

दुपारी गणपती आणायचा होता. गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवतात ती जागा, पलीकडे, काकीच्या घरामागे. आमच्याकडे गणपती पाटावर बसवून डोक्यावरून आणतात, गाडीत घालत नाहीत. आजोबांनी आणला, बाबांनी आणला, दोन वर्षांपासून दादा आणतो. मी म्हटलं, यंदा गाडीतून वळसा घालून आणू, मी सावकाश चालवते. बाबा नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "देवाक उलटो फिरवून?"

म्हणून चालतच. पाटावर तांदूळ, त्यावर मूर्ती, चेहऱ्यावर रुमाल. पलीकडची लेन दादाने डोक्यावर घेऊन ओलांडली, मी आणि काकीचा मुलगा पुढे-मागे. डिव्हायडरशी आल्यावर अडलं. ठोकळ्यांवरून पाट डोक्यावर घेऊन उडी मारता येईना. मग दादाने पाट खाली घेतला, तिकडून दोघांनी धरला, इकडून मी आणि वहिनीने, आणि मूर्ती हातांवरून अलीकडे आली. सगळे श्वास धरून. थोडे तांदूळ सांडले.

आता आमची लेन. बाबा अलीकडे कडेला उभे होते, त्यांना यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. खालच्या बाजूला बघतो तर गोव्याकडून गाड्यांची रांग, एकामागून एक, कुणी हळू होईना. पाट जड व्हायला लागला. तेवढ्यात बाबा दोन पावलं रस्त्यात उतरले. ओरडले नाहीत, आडवा हात केला नाही. नुसती चार बोटं वर.

पहिली गाडी, जीए पासिंग, पुढे निघून गेली. दुसरीही. तिसरा चिऱ्यांचा डंपर होता, इथलाच, रिकामा. त्याने लांबूनच दिवा मारला, वेग कमी करत आमच्या बाजूच्या दोन्ही पदरांच्या मधोमध आणून उभा केला, म्हणजे मागचं सगळं आपोआप थांबलं. आम्ही पाट घेऊन निघालो. ड्रायव्हर पोरगेलासा होता, बाबांना ओळखत असण्याचं वय नव्हतं त्याचं. मागून हॉर्नचा कालवा सुरू झाला होता. त्याने स्टेअरिंगवरचा हात उचलला, आधी छातीला लावला गणपतीसाठी, आणि मग बाबांकडे बघून चार बोटं.

पाट पडवीत टेकवेपर्यंत डंपर गेलाही होता. वहिनीने पायावर पाणी घातलं. बाबा अजून कडेलाच उभे, हॉर्न वाजवत जाणाऱ्या एकेका गाडीकडे बघत.