तीन रवे आणि उरलेला गूळ

आपल्याकडे कोल्हापुरात शाळेत 'स्थानिक संस्कृती' म्हटलं की स्नेहसंमेलनात फेटे आणि लेझीम. हौस म्हणून ठीक. पण दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला पुन्हा सफरचंदंच मोजायची असतील, तर त्या फेट्याचा पोरांना काय उपयोग?

गुऱ्हाळाचं उदाहरण घ्या. 1 टन उसाचा 110 किलो गूळ धरा (100 ते 120 पडतो, ऊस कसा आहे त्यावर). 30 किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) किती होतील? वहीत उत्तर येतं 3.67. गुऱ्हाळाजवळ वाढलेलं पोर हे ऐकून हसणार, आणि त्याचंच बरोबर आहे. तीन रवे होतात, 20 किलो गूळ उरतो, त्याचे 10 किलोचे दोन करा नाहीतर 5 किलोचे चार. बाकी कधी ठेवायची आणि दशांश कधी काढायचा, हे पुस्तकापेक्षा इथं लवकर कळतं.

मग विचारा, उरलेला 890 किलो ऊस गेला कुठं? रस निघतो 600 किलोच्या आसपास. चिपाड वाळून चुलवाणात जातं. रसातली मळी काढून टाकतात, बाकीच्या पाण्याची वाफ. एकाच फळ्यावर शेकडेवारी झाली आणि बाष्पीभवनही.

आदल्या दिवशी तीनच प्रश्न द्या: काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) रस किती, एका आदणाला (एकदा भरलेल्या काहिलीचा गूळ व्हायला) वेळ किती, भेंडी कशाला घालतात. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांनी शेजारी विचारायचं. दुसऱ्या दिवशी येतील ते आकडे जसेच्या तसे लिहा. ते जुळणार नाहीत. शिक्षक इथंच घाबरून 'बरोबर उत्तर' सांगून टाकतात आणि तास वाया जातो. काहील लहान-मोठी, घाणा नवा-जुना, म्हणून आकडे वेगळे. सरासरी शिकवायला याहून चांगली संधी नाही. एक मात्र बघा, गुऱ्हाळं पेटतात दिवाळीच्या सुमारास. शेकडेवारी त्याआधी येत असेल तर जूनमध्येच नियोजन बदलून ठेवा.

पंचगंगेच्या पाणीपातळीचा आलेखही असाच. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. हमखास चूक होते ती इंचांत: 43 फूट 7 इंच म्हणजे 43.7 नव्हे, 43.58. वर्गात चिखली-आंबेवाडीकडची पोरं असतील तर 'तुमच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं?' असं उभं करून विचारू नका. सांगायचं असेल तर ती आपणहून सांगतात.

हीच काळजी घरच्या धंद्याबाबत. 'वडील काय करतात?' हा प्रश्न भर वर्गात विचारला की चप्पल शिवणाऱ्याच्या पोराची जात आपणच उघडी पाडतो. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या गावात तरी हे नको. कामाबद्दल विचारा, माणसाबद्दल नको: चामडं कमावायला काय लागतं, मागावर धागा का तुटतो, हुपरीत चांदीला डाग (सांधा) कसा देतात. ऊसतोडीच्या हंगामात मध्येच आलेलं पोर मागच्या बाकावर गप्प बसतं. पण 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि मजुरी टनावर, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. उदाहरण तसं घाला, बोट त्याच्याकडे दाखवू नका.

आता भाषा, आणि इथं आपण सगळ्यात जास्त चुकतो. कोल्हापूरची मुलगी 'मी आलो, मी जेवलो' म्हणते. तिला 'तू काय मुलगा आहेस का?' असं विचारणं हा विनोद नाही. त्यानंतर ती तोंड उघडत नाही. फळ्यावर दोन रकाने पाडा, 'घरात' आणि 'पेपरात'. पहिल्यात 'मी आलो', दुसऱ्यात 'मी आले'. पहिल्यात 'काय करायलायस?', दुसऱ्यात 'काय करत आहेस?' 'चूक' हा शब्द कुठंच नाही. गडहिंग्लजकडं घरी कन्नड बोलणारी पोरं असतात, त्यांच्यासाठी तिसरा रकाना. तो त्यांनीच भरायचा आणि बाकीच्यांना वाचून दाखवायचा. निबंध तपासताना 'पेपरात'चा नियम लावा. तोंडी उत्तराला लावू नका, निदान पहिलं सत्र तरी.