कर-नकाशा: हलगेकरांचं घोडं

मंडळी, ‘कर’ लागलेल्या आडनावांवरून कुठलं घर मूळ कुठल्या गावचं, ते बाणांनी दाखवायचं, हा आपला कर-नकाशा. त्यातला खानापूरचा थर झाला म्हणून इथं टाकणार होतो, तेवढ्यात हलगेकरांपाशी घोडं अडलं.

हलगा दोन. एक बेळगावला लागून, सुवर्णसौध या विधानभवनाजवळ. दुसरं खानापूर तालुक्यात. मग बेळगाव शहरातल्या हलगेकराचा बाण कुठून काढायचा? जवळच्या हलग्याला जोडावा, तर खानापूरकडून पोटापाण्याला आलेली घरं नकाशावरून पुसली जातात. त्यात मतदार यादी कन्नडमध्ये. कन्नडात ‘ए’ ऱ्हस्व वेगळा, दीर्घ वेगळा. एकाच घरात बापाच्या ‘गे’ला ऱ्हस्व, पोराच्या ‘गे’ला दीर्घ, की मोजणीत दोन आडनावं. यादी वाचायला विकतचं ओसीआर (छापील अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) घेतलं, त्यानं ‘कर’चे ‘कार’ केले. पैसे पाण्यात. त्यापेक्षा टेसरॅक्ट हे फुकटचं ओसीआर परवडलं, निदान एकच चूक सगळीकडे करतं, एका फटक्यात दुरुस्त होते.

पाटील, देसाई, कुलकर्णी मागेच गाळलेत. वतनाची आडनावं कन्नड घरात नि मराठी घरात सारखीच, त्यांवरून कोण कुठून आलं ते कळत नाही. गावाचं आडनाव गाव सोडल्यावरच चिकटतं. येळ्ळूरात राहणाऱ्याला येळ्ळूरकर कोण कशाला म्हणेल?

तर हलगेकर. मूळ गाव विचारलं की सगळे नुसतं “हलगा” म्हणायचे. शेवटी वडगावातल्या एका काकू वैतागून म्हणाल्या, “कुठलं हलगा काय विचारतोस रे, लक्ष्मीच्या यात्रेला ओटी घेऊन कुठं जाता ते विचार की!” बास! यात्रा कितीही वर्षांनी भरू दे, घर तिथं जातंच, आणि रस्ता कुठला, बस कुठली, सगळं पाठ असतं. शहरातले बरेच बाण सुटले. फक्त सुना हटकून माहेरची यात्रा सांगतात, ते बाण वेगळे काढावे लागले. (त्यांचा स्वतंत्र नकाशा भारी होईल, पण आत्ता नको.)

हे लिहिताना एक सुचलं. पूर्वेकडं ‘कर’ विरळ होत जातात ती आपली कर-रेषा. पण कन्नडात गावाचं नाव तसंच्या तसं आडनाव होतं: मुनवळ्ळी, संकेश्वर, गोकाक. कवी वि. कृ. गोकाक १९०९ साली जन्मले सावनूरला, आडनाव मात्र गोकाक. म्हणजे रेषेपलीकडे प्रत्यय संपतो, माणसांची ये-जा नाही. (कुणी “मग बेळगाव कुणाचं?” विचारू नका. आडनावावरून घरात कुठली भाषा बोलतात तेही ठरत नाही.)

तेव्हा निपाणी-चिकोडी राहू दे, आधी सौंदत्ती-गोकाक घेतो. तिकडच्या कुणाकडे वाड्या-वस्त्यांसकट गावांची यादी असेल तर पाठवा, कन्नडमधली चालेल.