बंपरमागचे 9 मिलिमीटर

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला, की 20 किलोचे क्रेट भरलेल्या पिकअपची पहाटेपासून रांग लागते आणि त्या गर्दीत बसलेल्या धक्क्यांची कामे आमच्याकडे येऊ लागतात. बंपर खोलायचा, हातोडा आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्रा बसवायचा, पुट्टी-प्राइमर करून रंग मारायचा, आणि शक्यतो त्याच दिवशी गाडी परत द्यायची. कारण गाडी उभी राहिली तर मालकाचा माल उभा राहतो. गेल्या जूनमध्ये आलेली एक बोलेरो पिकअप मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तात्यांची ती गाडी पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून धडकली होती. ट्रॉलीला ना मागचा दिवा होता, ना रिफ्लेक्टर. चमकणारी पट्टी चिकटवायचा कंटाळा ट्रॉलीवाला करतो आणि भुर्दंड मागून येणाऱ्याला बसतो, याचा मला मनस्वी संताप येतो. वेग कमी होता. बंपरच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा पोचा होता आणि समोरच्या जाड पाइपच्या गार्डला ओरखड्यापलीकडे काही झाले नव्हते. "गार्डमुळं वाचलो मिस्त्री. बंपर तेवढा ठोकून द्या, दुपारी माल भरायचाय," तात्या म्हणाले.

पोचा हाताने चाचपला तेव्हाच शंका आली. तो ट्रॉलीने पाडलेला नव्हता. गार्डचाच पाय मागे सरकून बंपरमध्ये रुतला होता. बंपरचा डावा बोल्ट पान्याला दाद देईना, आणि कसाबसा निघाला तेव्हा ब्रॅकेटचे भोक लांबट झालेले दिसले. त्यामागे चेसिसच्या डाव्या दांड्यावरची माती पुसली, तर काळ्या रंगाला केसासारख्या आडव्या चिरा पडलेल्या होत्या. आतले पोलाद दुमडल्याशिवाय रंग तसा तडकत नाही. दोन्ही दांड्यांच्या ठरावीक भोकांतून ओळंबे सोडले, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि तिरप्या मापांनी टेप धरला. चेसिस सरळ असेल तर दोन्ही तिरपी मापे सारखी येतात; इथे त्यांत 9 मिलिमीटरचा फरक होता.

बंपर आणि त्याचे ब्रॅकेट आधी चेपतात, ते धक्का स्वतःवर घेण्यासाठी; ब्रॅकेट बदलता येते. गार्ड मात्र थेट चेसिसला जोडलेला असल्याने सगळा मार ब्रॅकेटला वगळून दांड्यात गेला होता. आणि गार्डच्या पायाशी असलेले वेल्डिंग मी पाहताक्षणी ओळखले. 2016 मध्ये ते मीच, माझ्या हाताने केले होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये, असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे उल्लंघन असल्याचे राज्यांना कळवले, आणि त्यानंतर मी एकही बसवला नाही; पण आधीचे रस्त्यावर तसेच फिरत राहिले.

आमचा पोऱ्या गॅस पेटवायला निघाला होता, त्याला थांबवले. चेसिस लाल करून वाकवणे सोपे असते, पण त्यात पोलादाची ताकद जाते. गाडी बांधून, साखळी आणि हायड्रॉलिक जॅकने दांडा थंडच ओढला. ताण सोडल्यावर पोलाद थोडे परत फिरते, म्हणून हवे त्यापेक्षा किंचित जास्त ओढायचे, सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. फरक 2 मिलिमीटरवर यायला चौथी खेप लागली. मग बॅटरीची मायनस काढून गार्ड कापला, नवे ब्रॅकेट लावले आणि बंपर सरळ केला.

या कामाला दोन दिवस गेले आणि तात्यांचा माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला. व्यावसायिक वाहनाच्या विम्यात जादा हप्ता भरल्याशिवाय बंपर आणि रंगकाम धरले जात नाही, हेही त्यांना त्याच वेळी कळले. पॉलिसी विकताना ते कोणीच सांगितले नव्हते. गार्डच्या मजुरीइतके पैसे मी बिलातून वजा केले आणि का केले ते त्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जाताना कापलेला गार्ड त्यांनी गाडीत टाकून नेला आणि दहा दिवसांनी बाजारात तीच गाडी दिसली, तेव्हा तो पुन्हा पुढे बसवलेला होता.

त्या रात्री जुन्या वह्या काढून 2017 पर्यंत बसवलेले गार्ड मोजले. ते 31 भरले. ज्यांचे नंबर मिळाले त्यांना मी फोन करतो आहे. आतापर्यंत सहा जण आले आणि त्यांचे गार्ड मी पैसे न घेता कापून दिले.